माणूस बदलू नका, धोटा बदला



घरचा कर्ता पुरुष किंवा कामाला जाणारी लेक संध्याकाळी दारात आली म्हणजे आपण पाण्याचा तांब्या पुढे करतो. महिनाअखेर पगार किती हाती पडला हे विचारतो. ओव्हरटाईम मिळाला की नाही, ठेकेदाराने किती कापून घेतले, ह्याचीही चौकशी करतो. परंतु दिवसभर ह्या माणसाने कोणती हवा छातीत घेतली, कोणत्या यंत्राशेजारी हात ठेवला, कोणत्या टाकीत तो उतरला, हे आपल्यापैकी किती जण विचारतात? मजुरीचा हिशेब आपण पैशापैशाने ठेवतो. ज्या शरीराच्या जोरावर ती मजुरी येते, त्याच्या झिजेचा हिशेब मात्र कोणी ठेवीत नाही. तो हिशेब कसा ठेवावा, आणि झीज थांबविण्याची जबाबदारी कोणाची, ह्याविषयी आज तुमच्याशी बोलावयाचे आहे.

प्रथम एक जुनी गोष्ट सांगतो. ती आपल्या वाडवडिलांची आहे, म्हणून आपण विसरता कामा नये.

मुंबईच्या कापड गिरण्यांत विणखात्याचा पगार इतर बहुतेक खात्यांपेक्षा चांगला असे. त्या खात्यात आपल्या माणसांस मज्जाव होता. कारण काय सांगत? मागावर धोट्यातील कांडी संपली की नवी कांडी बसवून तिचे सूत धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढावे लागे, आणि त्यासाठी विणकर त्या भोकाला ओठ लावून श्वासाने सूत ओढून घेई. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाई. तेव्हा अस्पृश्य मानलेल्या कामगाराने ओठ लावलेला धोटा आम्ही तोंडात कसा घ्यावा, असा सवर्ण कामगारांचा प्रश्न होता. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांस स्पष्ट विचारले, की तुमच्या मागण्यांत आमच्या माणसांच्या विणखात्यातील प्रवेशाची मागणी आहे की नाही? मालकाशी समतेने वागणूक मागणारा कामगार शेजारच्या कामगारास समता देत नाही, ही विसंगती त्यांनी उघडी पाडली, आणि ती मागणी पुढाऱ्यांस नाइलाजाने का होईना, घालावी लागली.

ही गोष्ट आपण अस्पृश्यतेची गोष्ट म्हणून नेहमी सांगतो, आणि ती तशी आहेच. परंतु तिला दुसरी एक बाजू आहे. धोट्याला ओठ लावणे ही गोष्ट कोणासाठीही चांगली नव्हती. सुतावरची कांजी, कापसाचे तंतू, यंत्राचे तेल हे सारे श्वासाबरोबर पोटात आणि छातीत जाई. एकाचा रोग दुसऱ्यास लागण्याची वाट त्यातून उघडी राही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने असे ओढीचे धोटे १९११ सालीच कायद्याने बंद केले होते. इंग्लंडातील लँकेशायरमध्ये ही बंदी येण्यास १९५२ साल उजाडावे लागले. हाताने सूत ओवता येईल असा धोटा तयार करणे अशक्य नव्हते. तो तयार झालेलाही होता. म्हणजे १९२८ साली मुंबईत ज्या धोट्यावरून माणसे एकमेकांपासून तोडली जात होती, तो धोटाच मुळात टाकून देण्याच्या लायकीचा होता. तो बदलला असता तर सर्वांच्या छातीचे रक्षण झाले असते, आणि मज्जावाचे एक निमित्तही नाहीसे झाले असते. जातीने दुसरे निमित्त शोधले असते हे आम्हांस कबूल आहे. पण त्या वेळी झाले काय? वस्तू तशीच ठेवली आणि माणसांस बाहेर काढले.

वाचकहो, आजच्या कारखान्यांतील आरोग्याचा आणि सुरक्षिततेचा सगळा प्रश्न ह्या एका धोट्यात सामावलेला आहे. धोका आढळला म्हणजे दोन मार्ग असतात. एक, धोका जिथून निघतो ते मूळ बदलणे. दुसरा, माणसास सांगणे की तू सांभाळून राहा, तोंडाला फडके बांध, हात लवकर काढ, आणि नाही जमले तर तुझ्या जागी दुसरा येईल. पहिल्या मार्गाने खर्च मालकाचा होतो. दुसऱ्या मार्गाने तो कामगाराच्या शरीरातून वसूल होतो. म्हणूनच दुसरा मार्ग इतका लोकप्रिय आहे.

ह्या विषयाच्या शास्त्राने उपायांची पायरीवार मांडणी केलेली आहे, आणि ती प्रत्येक कामकरी घरात पाठ असावी. पहिली पायरी, धोक्याची वस्तू किंवा काम मुळातूनच काढून टाकणे. दुसरी, तिच्या जागी कमी घातक वस्तू वापरणे. तिसरी, यंत्रास जाळी बसविणे, धूळ जिथे उठते तिथेच नळीने ओढून घेणे, आवाज कोंडून टाकणे. चौथी, कामाची रीत, पाळी आणि शिकवण सुधारणे. आणि पाचवी, सर्वांत शेवटची, माणसाच्या अंगावर मुखपट्टी, हातमोजे, चष्मा, कानबोळी चढविणे. शेवटची पायरी सर्वांत दुबळी आहे. कारण ती घामाने सैल होते, फाटते, मापाची नसते, आणि ती चुकली की मधे दुसरा आडोसा राहत नाही. आपल्याकडे मात्र ही शिडी उलटी उभी केलेली दिसते. चार मुखपट्ट्या वाटल्या, भिंतीवर पाटी लावली, की सुरक्षितता झाली!

मूळ बदलता येत नाही, असे कोणी सांगितले तर त्यास आगकाडीची गोष्ट सांगा. पूर्वी आगकाड्या पांढऱ्या फॉस्फरसाच्या करीत. त्या कारखान्यांतील मुली-बायकांच्या जबड्याचे हाड सडत असे. मालक म्हणत, ह्याविना काडी पेटणार नाही. १९०६ साली बर्न येथे राष्ट्रांनी करार करून पांढऱ्या फॉस्फरसाच्या काड्या बंद करण्याचे ठरविले. हिंदुस्थानातही १९१३ साली तसा कायदा झाला. काड्या आजही पेटतात. जबडे सडत नाहीत. ओतीव लोखंड साफ करण्यासाठी वाळूचा मारा करीत, त्याच्या धुळीने फुप्फुसे दगड होत. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी वाळूच बंद केली आणि लोखंडाचे बारीक छर्रे वापरात आले. वस्तू बदलली, धंदा बुडाला नाही.

आता धोका ओळखावा कसा, ते पाहू. ह्याला पदवी लागत नाही. डोळे, कान, नाक आणि थोडी चिकित्सक बुद्धी लागते.

धुळीपासून प्रारंभ करू. जी धूळ डोळ्यांस दिसते तिचा बराच भाग नाका-घशात अडतो. जी दिसत नाही ती फुप्फुसाच्या तळाशी जाते. दगड फोडणे, गारगोटी दळणे, फरशी कापणे, विहीर खणणे ह्या कामांत वाळूच्या जातीची जी सूक्ष्म धूळ उठते तिने सिलिकोसिस होतो. फुप्फुस कायमचे कठीण होते. त्याला औषध नाही. गुजरातेत गोध्र्याच्या परिसरात गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत मध्य प्रदेशातून आलेले आदिवासी मजूर ह्या रोगाने मेले, आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयास त्यांच्या वारसांसाठी नुकसानभरपाईचा आदेश द्यावा लागला. ह्या रोगास पुष्कळदा क्षय समजून औषध देत राहतात. कापसाच्या धुळीचा रोग निराळा. त्यास बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, म्हणजे बहुधा सोमवारी, छाती आवळल्यासारखी वाटते, आणि आठवडा सरता सरता ती मोकळी होते. म्हणून कामगार त्यास आळस समजतो आणि वैद्य त्यास सर्दी समजतो. इटलीतील रामाझिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहून सांगितले, की रोग्यास त्याचा धंदा कोणता हेही वैद्याने विचारावे. आपल्या दवाखान्यांत हा प्रश्न आजही क्वचित विचारला जातो. तेव्हा न विचारता तुम्हीच सांगा. ‘मी अमुक वर्षे दगडाच्या धुळीत आहे’ असे सांगून ते केसपेपरवर लिहून घ्या. पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यात तो कागदच उपयोगी पडतो. कारण सिलिकोसिस, बिसिनोसिस आणि आवाजाने येणारा बहिरेपणा हे तिन्ही कायद्याच्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेले आहेत.

आवाजाची पारख तर सर्वांत सोपी. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर त्या जागेचा आवाज कानास घातक आहे असे समजावे. भिवंडी किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये क्षणभर उभे राहिले तरी हे पटेल. गेलेला कान परत येत नाही. घरी रेडिओ मोठा लावणारा, हाक मारली तरी वळून न पाहणारा बाप तिरसट नसतो. पुष्कळदा त्याचा कान मागाने खाल्लेला असतो.

यंत्रांपैकी प्रेसचे यंत्र घ्या. पत्र्यावर ठसा मारताना क्षणाचा विलंब झाला तर बोटे जातात. मालक म्हणतो, कामगाराचे लक्ष नव्हते. परंतु दोन्ही हातांनी दोन निरनिराळी बटणे एकाच वेळी दाबल्याखेरीज चालूच होणार नाही, असे प्रेस बनविता येते. मग हात आत असूच शकत नाही. दिवसातून हजारो वेळा तोच हात हलविणाऱ्या माणसाचे लक्ष एकदा चुकणारच. एका चुकीची शिक्षा चार बोटे, असे ज्या यंत्राचे गणित आहे, त्या यंत्रात दोष आहे, माणसात नव्हे.

आणि धोका कारखान्याच्या फाटकापाशी थांबत नाही, हे भगिनींनी विशेष ध्यानात ठेवावे. ॲस्बेस्टॉस, शिसे, रंग, रसायने ह्यांची धूळ कपड्यांवर बसून घरी येते. ते कपडे झटकणारी आई आणि बापाच्या अंगाखांद्यावर खेळणारे मूल तीच धूळ श्वासात घेतात. असे कपडे घरात झटकू नयेत, इतरांच्या कपड्यांत धुवू नयेत. आणि कामाचे कपडे ठेवण्यास जागा व धुण्याची सोय कारखान्यातच असावी, अशी मागणी करावी.

आता ज्या धोक्यात आपलीच माणसे सर्वांत अधिक मरतात, त्याकडे वळू. तो धोका म्हणजे बंद जागेतील वायू. गटार, मैल्याची टाकी, रसायनाची टाकी, कारखान्याचा सांडपाण्याचा हौद ह्यांत कुजण्यापासून हायड्रोजन सल्फाईड नावाचा वायू होतो. थोडा असता सडक्या अंड्यासारखा वास येतो. अधिक झाला म्हणजे तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास गेला म्हणजे वायू गेला असे समजून माणूस उतरतो आणि खाली कोसळतो. त्याला काढावयास दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. एकाच टाकीत बाप-लेक, भाऊ-भाऊ असे मेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्याचे कारण हे आहे. तेव्हा हे घरातील प्रत्येक तरुणास बजावून सांगा, की खाली पडलेल्या माणसास वाचविण्यासाठी श्वासाच्या साधनावाचून उतरणे म्हणजे आणखी एक प्रेत वाढविणे होय. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३६ व्या कलमाने ह्याची रीत घालून दिली होती. हवा तपासून जाणत्या माणसाने लेखी दाखला द्यावा, नाहीतर उतरणाऱ्याकडे श्वासाचे साधन असावे, कमरेला पट्टा असावा आणि त्याच्या दोराचे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असावे. एवढी साधी रीत. परंतु ठेकेदाराच्या माणसास पाचशे रुपये आणि दारूची बाटली देऊन उतरविले जाते, आणि दोर आणावयास कोणास सवड नसते.

२०१३ साली हाताने मैला साफ करण्याविरुद्ध नवा कायदा झाला. गटारांच्या आणि टाक्यांच्या धोकादायक सफाईस त्याने मनाई केली. परंतु ‘धोकादायक सफाई’ कशास म्हणावे, तर मालकाने संरक्षक साधने न देता आणि दक्षता न घेता करविलेल्या सफाईस! म्हणजे साधने दिली की माणसास गटारात उतरविण्याचा दरवाजा उघडाच राहिला. पुन्हा तोच धोटा! वस्तू तशीच, माणसाच्या तोंडावर मात्र फडके. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या वारसांस दहा लाख रुपये देण्यास सांगितले; २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती रक्कम तीस लाख केली, आणि माणसाने गटारात उतरण्याची प्रथा टप्प्याटप्प्याने पुरती नष्ट करण्याचे निर्देश दिले. २०१८ साली तिरुवनंतपुरमला मॅनहोल साफ करणारे ‘बँडिकूट’ नावाचे यंत्र सुरू झाले. तेव्हा यंत्र नाही ही सबब आता चालणार नाही. यंत्रापेक्षा आपला माणूस स्वस्त पडतो, हीच खरी सबब आहे, आणि तो स्वस्त का पडतो हे तुम्हांस आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही.

येथे काही बांधव म्हणतील, ‘हे सर्व खरे, पण काम नाकारले तर चूल कशी पेटावी?’ हा प्रश्न खोटा नाही. एकट्याने काम नाकारले तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा असतो, हे आम्ही जाणतो. म्हणूनच आम्ही तुम्हांस एकट्याने हौतात्म्य पत्करावयास सांगत नाही. परंतु एक गोष्ट निश्चयाने सांगतो: जोखमीचा भत्ता घेऊन गप्प बसू नका. धोक्यापोटी दोनशे रुपये अधिक मिळाले म्हणजे धोका दोनशे रुपयांनी कमी होत नाही. तो भत्ता म्हणजे तुमच्या फुप्फुसाची हप्त्याहप्त्याने केलेली विक्री आहे, आणि भाव खरेदीदाराने ठरविलेला आहे. भत्त्याची मागणी करणारे निवेदन लिहिणार असाल, तर त्याच कागदावर जाळी, धूळ ओढणारी नळी, हवेची तपासणी ह्यांची मागणी वरच्या ओळीत लिहा.

दुसरी गोष्ट मनाची आहे. बोट तुटले, छाती भरली, टाकीत भाऊ गेला, म्हणजे आपल्या घरांत अजून ‘नशिबात होते’ असे म्हणतात. पूर्वजन्मीचे भोग मानणारी समजूत आपण मागे टाकली. दुःख आहे, दुःखास कारण आहे, कारण दूर केले म्हणजे दुःख दूर होते, हे आपण विहारात म्हणतो. मग तोच विचार कारखान्याच्या दारातून आत न्यावयास का भ्यावे? अपघाताला कारण असते, आणि ते बहुधा अगोदर दिसलेले असते. भोपाळच्या कारखान्यात १९८१ साली विषारी फॉस्जीनने एक कामगार मेला होता. १९८४ च्या डिसेंबरात २ आणि ३ तारखेच्या मधल्या रात्री त्याच कारखान्यातून मिथाईल आयसोसायनेट सुटला तेव्हा टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि वायू जाळून टाकणारा मनोरा जोडलेला नव्हता. हे दैव नव्हे. हा हिशेब आहे.

कायद्याविषयी थोडे सांगून संपवितो. डॉ. बाबासाहेब १९४२ ते १९४६ ह्या काळात मध्यवर्ती सरकारचे मजूरमंत्री होते. १९४३ च्या डिसेंबरात ते धनबादकडील कोळशाच्या खाणीत स्वतः उतरून कामगारांची स्थिती पाहून आले. कारखान्यांच्या मुख्य सल्लागाराचे कार्यालय त्यांच्याच कारकीर्दीत, १९४५ साली, स्थापन झाले. त्या संस्थेचे केंद्र आज मुंबईत शीव येथे आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याची जागा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेली आहे. पूर्वी वीज वापरणाऱ्या जागेस कारखाना म्हणावयास १० कामगार पुरत. आता २० लागतात. लहान शेडमधील आपली पुष्कळ माणसे त्यामुळे कारखान्याच्या व्याख्येबाहेर पडली, हा आमच्या मते ह्या संहितेचा मोठा दोष आहे. तरीही तिच्यात कामगारास काही हक्क आहेत, ते वापरावेत. आपल्या कामातील आरोग्य आणि सुरक्षिततेची माहिती मालकाकडे मागता येते. व्यवस्था अपुरी असेल तर तक्रार करता येते. तिने समाधान झाले नाही तर निरीक्षकाकडे जाता येते. आणि जिवास तत्काळ गंभीर धोका दिसला तर मालकास व निरीक्षकास एकाच वेळी कळविता येते, आणि तसा धोका असल्याची मालकाची खात्री पटली तर तातडीने उपाय करणे त्याच्यावर बंधनकारक आहे.

तेव्हा येत्या रविवारी एवढे करा. वस्तीतील एकाच कारखान्यात किंवा एकाच धंद्यात जाणारी माणसे एकत्र बसा. प्रत्येकाने आपल्या कामाच्या जागेचा नकाशा कागदावर काढावा; धूळ कोठे उठते, वायू कोठे साचतो, उघडा पट्टा कोठे फिरतो, गेल्या वर्षात कोणाचे बोट वाचले वा गेले, तेथे तेथे खूण करावी. प्रत्येक खुणेपुढे विचारावे: ह्याचे मूळ कोणते, आणि ते बदलावयास काय लागेल? मग दहा-वीस सह्यांनिशी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि प्रत जपून ठेवावी. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज शिकलेल्या मुलाने लिहावा. शिक्षणाचा असा उपयोग झाला नाही तर ते कशासाठी घेतले?

विणखात्याचे दार आपल्यासाठी उघडावे म्हणून आपले वडील लढले. आत गेल्यावर तेथील हवा, तेथील यंत्र, तेथील टाकी माणसास साजेल अशी करणे हे काम आपल्याकडे आले आहे. मालक म्हणेल, काम जमत नसेल तर माणूस बदलतो. त्याला सर्वांनी मिळून एकच उत्तर द्यावे, की माणूस बदलू नका, धोटा बदला.

जय भीम.